दोन बोटांचा फरक

शनिवारी अकरा वाजता आत्याकडे जमायचं ठरलं होतं. या घराण्यात अकरा म्हणजे काकासाठी अकरा, आत्यासाठी पावणेअकरा आणि बाकीच्यांसाठी बारा वाजून गेले तरी चालतील असे अकरा, हे जुनंच आहे. आत्याच्या भाचीला, धाकटीला, मात्र या वेळी खरोखरचं कारण होतं. शनिवारी सकाळी तिचा दवाखाना असायचा, आणि तिच्याकडे येणारी माणसं घड्याळाकडे बघून बोलती होत नाहीत.

नऊलाच दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, भावंडांत सगळ्यांत थोरला, आणि जन्मापासून प्रत्येक सभेचा अध्यक्ष. त्याने सांगितलं, की सगळं ठरलं आहे, काका तयार आहे, वृद्धनिवासवाल्यांनी खोली सोमवारपर्यंत राखून ठेवली आहे आणि घोडं आता फक्त तिच्या सहीपाशी अडलं आहे. वाद नाही, चर्चा नाही. तिने यायचं, सही करायची, जेवायचं आणि जायचं. या घरात चर्चेशिवाय कधी साधी खुर्चीसुद्धा जागची हलली नव्हती. धाकटीला हसू आलं, आणि बरं म्हणून तिने फोन ठेवला.

खरं तर तिलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. तीस वर्षं आत्याने आपल्या या भावाला, म्हणजे काकाला, सांभाळलं. आता दादा आईला आपल्याबरोबर परदेशी न्यायला आला होता. तिकडे त्याची लेक आजीची वाट बघत होती आणि गुरुवारचं विमान होतं. काका एकटा राहणार नव्हता, धाकटीच्या दोन खोल्यांच्या घरात मावणार नव्हता, आणि धाकटीच्या आईचं आणि त्याचं तर सहा वर्षं कामापुरतंच बोलणं होतं. तेव्हा काकाने आपण होऊन हो म्हटलं, याहून चांगलं काय? असं स्वतःला समजावत तिने दवाखान्याचा पडदा सारला.

तिच्या खोलीत ट्यूबलाइट नव्हती. ती गुणगुणते आणि काही जणांच्या कानात ते गुणगुणणं सुईसारखं टोचतं, म्हणून तिने पहिल्याच वर्षी ती काढून टाकून कोपऱ्यात पिवळा दिवा ठेवला होता. टिकटिक करणारं घड्याळ नव्हतं. प्रश्न तोंडी विचारायचे आणि तेच कागदावर लिहूनही द्यायचे, आणि एकदा विचारला की गप्प बसायचं. किती वेळ? समोरचा बोलेपर्यंत. अठरा वर्षांत धाकटीने एवढी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. बाकी सगळं अजून शिकत होती.

ती मानसोपचारतज्ज्ञ होती आणि तिच्याकडे बहुतेक ऑटिझम असलेली मोठी माणसं यायची. ऑटिझम हा आजार नव्हे, ती माणसाची घडण आहे, असं ती नातेवाइकांना सांगायची. पण त्या घडणीच्या माणसालाही आजार होतात. नैराश्य येतं, धास्ती बसते, झोप उडते. आणि ते कोणाला दिसत नाही, कारण घरचे म्हणतात, तो तसाच आहे. घरच्यांचं सोडा, डॉक्टरसुद्धा म्हणतात. म्हणून पहिल्या भेटीत ती मनाविषयी काहीच विचारत नसे. तिचा एकच प्रश्न असे: "काय थांबलं?"

त्या दिवशी समोर एक पुस्तकबांधणी करणारी मुलगी बसली होती, सव्वीस वर्षांची, आईला घेऊन आलेली. खरं तर आईच तिला घेऊन आली होती. आई भरभरून बोलत होती, की तशी पुष्कळ सुधारणा आहे. मुलगी आता चिडत नाही, वाद घालत नाही. पत्रांच्या पाकिटांच्या आत जी बारीक निळी-करडी नक्षी असते ना, ती कापून वह्यांत चिकटवायचं वेड होतं तिला; एकेचाळीस वह्या झाल्या होत्या, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आता तेही सुटलं. फक्त झोप कमी झाली आहे आणि अंघोळीला मागे लागावं लागतं, तेवढं बघा.

धाकटीने मुलीकडे कागद सरकवला. काय थांबलं? मग ती थांबली. आईने दोनदा तोंड उघडलं आणि धाकटीने दोनदा हात वर केला. बऱ्याच वेळाने मुलीने पेन घेतलं आणि लिहिलं, "पाकिटं दिसतात. पण आता ती कागद आहेत."

आईला हे सांगायला धाकटीला पंधरा मिनिटं लागली, की घर मोकळं झालं ही सुधारणा नाही. जे तिला सगळ्यांत प्रिय होतं, तेच तिच्यासाठी विझलं आहे. बाकीच्या लोकांचं नैराश्य रडण्यातून दिसतं, हिचं त्या बंद वहीतून दिसतं. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आणि मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते." धाकटीने तिला पाणी दिलं. अशा आयांवर तिला कधी रागावता येत नसे, कारण दमलेल्या माणसाला शांतता हवीच असते, कशाचीही का असेना.

जाण्याआधी आणखी एक प्रकार झाला. शिकाऊ डॉक्टरीण मुलीला बाहेर सोडायला गेली आणि सहज म्हणून गेली, की गोळ्यांचं नंतर सांगते हं. वीस मिनिटांनी धाकटी बाहेर आली तर मुलगी दाराशी उभीच होती आणि आई तिला ओढून दमली होती. मुलगी त्या 'नंतर'ची वाट बघत होती. धाकटीने तिला तिथल्या तिथे वार आणि वेळ लिहून दिली, आणि मग शिकाऊ डॉक्टरणीला आत बोलावून तिचे कान चांगलेच उपटले. "नंतर म्हणायचं नाही, बघू म्हणायचं नाही, करते म्हणायचं नाही. वार आणि वेळ. आपण शब्द बोलून विसरतो, ही माणसं त्या शब्दावर उभी राहतात." हे तिचं ठेवणीतलं भाषण होतं आणि ते तिला चांगलं जमायचं.

आत्याच्या इमारतीत पोचायला तिला सव्वा वाजला. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, धाकटीने पाऊल टाकलं आणि ती धडपडली. लिफ्ट मजल्याच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर थांबली होती. हातातली पिशवी सांभाळताना चपलेचा अंगठा तेवढा तुटला. आत्याच्या दारात धाकटीच्या आईच्या गुडघ्याला मलम चोळणं चाललं होतं. ती तासाभरापूर्वी तिथेच आपटली होती. दादा म्हणाला, की शेजारचे आजोबा तर परवा पालथेच पडले, महिनोन्महिने हे असंच आहे, कोणी लक्ष देत नाही. सगळे हसले. धाकटीही हसली.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होता, दोन्ही हात मांडीवर. पासष्ट वर्षांचा, उंच, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. तिला बघून तो म्हणाला, "आलीस." ती म्हणाली, हो, उशीर झाला. तो म्हणाला, "बरं." एरवी त्याने किती मिनिटं उशीर झाला ते सांगितलं असतं.

काका लिफ्टचा मेकॅनिक होता. तेहतीस वर्षं त्याने शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावरही तो शिस्तीत रोज एका इमारतीत जाऊन, रखवालदाराशी वाद घालून, तिथली लिफ्ट वरखाली करून बघायचा. आत्या त्याला अजून बाळ म्हणायची आणि दादा म्हणायचा, की आपला तो बाळ्या खरा, पण हे कार्टं पासष्टीचं आहे. धाकटी शिकत असताना तिनेच पहिल्यांदा ओळखलं होतं आणि त्याला आपल्या सरांकडे नेलं होतं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी काकाला त्याच्या घडणीचं नाव कळलं. त्याने कागद दोनदा वाचला, "बरोबर आहे," म्हणाला, घडी घालून खिशात ठेवला आणि सरांना त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचा दोर बदलायला झाला आहे असं सांगितलं. तो खरंच झाला होता.

त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तो धाकटीला फोन करायचा. "सात वाजले. आजची लिफ्ट," अशी सुरुवात. मग इमारत, मजले, वेग, दाराचा आवाज, कोणत्या मजल्यावर किती फरकाने थांबते. वीस मिनिटांनी "संपलं," म्हणायचा आणि फोन ठेवायचा. कशी आहेस नाही, बरी आहेस का नाही. धाकटी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासायची आणि मधूनमधून हं म्हणायची. लग्न मोडलं त्या आठवड्यात तिने भांडीही घासली नव्हती, फरशीवर बसून सगळी वीस मिनिटं रडली होती, आणि पलीकडून काका एका सरकारी कचेरीच्या आठ मजली लिफ्टबद्दल सांगत होता. त्या रविवारी तो पस्तीस मिनिटं बोलला होता. ते तिच्या फार उशिरा लक्षात आलं होतं.

दादाने टेबलावर अर्ज पसरला. निवास चांगला होता, त्याबद्दल वादच नव्हता. स्वतंत्र खोली, बाग, ठरलेल्या वेळी जेवण. शिवाय बैठी इमारत. दादाने हे खास सांगितलं, की तिथे लिफ्टच नाही, म्हणजे काकाच्या डोक्याला तापही नाही. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: अर्जदार मानसिकदृष्ट्या स्थिर असून त्याची संमती स्वेच्छेची आहे. खाली मानसोपचारतज्ज्ञाच्या सहीची जागा.

आत्या चहा घेऊन आली. तिने काकाला विचारलं, साखर घालू का रे बाळ, आणि तो म्हणाला, "बरं." धाकटीने मान वर केली. हा माणूस जन्मात साखरेचा चहा प्यायला नव्हता. पण आत्या बोलतच होती, आणि तिच्या बोलण्यात एक प्रकारची घाई होती, जणू ती थांबली तर तिला रडू येईल. ती सांगत होती, की काय सांगू, देवासारखा झाला आहे. निवासाला बरं म्हणाला. गुरुवारी विमान आहे म्हटलं, बरं म्हणाला. त्याची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊ का म्हटलं, तरी बरं म्हणाला. आधी याच पेटीला कोणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा. बाहेर जाणंही बंद केलं. पडून असतो बिचारा, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

धाकटीने पेनाचं टोपण काढलं होतं. ते तिच्या हातात तसंच राहिलं.

"फक्त रविवारी तेवढा उठतो," आत्या म्हणाली. "सातच्या आत फोनपाशी जाऊन बसतो. लावत नाही कोणाला. हात मांडीवर ठेवून बसतो नुसता. आठ वाजले की उठून आत जातो. सवय, दुसरं काय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सकाळी दुसऱ्याच्या आईला जे पंधरा मिनिटं समजावून आली होती, ते तिच्या स्वतःच्या घरात चार महिने पडून होतं. लिफ्ट दोन बोटं वर थांबत होती, लोक पडत होते, आणि ज्या माणसाला एका बोटाचा फरक झोपू देत नसे तो त्याच मजल्यावर गप्प बसला होता. आणि फोन? फोन बंद झाल्याचं तिला दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी जाणवलं होतं. काका जरा निवळला, असं तिच्या मनात आलं होतं. त्या वीस मिनिटांत ती आता अंघोळ करायची.

तिने टोपण लावलं आणि काकाला म्हणाली, चल, आत बसू.

काकाच्या खोलीत पलंग, टेबल आणि भिंतीवर ओळीने लावलेले नट कसायचे सोळा पाने होते. त्यांच्यावर धूळ होती. धाकटी खाली सतरंजीवर बसली, तो पलंगावर. नातेवाइकांवर आपण उपचार करायचे नसतात हे तिला माहीत होतं, आणि ती करणारही नव्हती. पण विचारायला तर हवं होतं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, पण हा कान घरचाच होता.

"काका, काय थांबलं?"

बाहेर दादाचा आवाज चढला, कपबश्या वाजल्या, कोणीतरी बाथरूमचा नळ सोडला आणि बंद केला. धाकटी थांबली. दवाखान्यात थांबणं सोपं असतं, तिथे आपण काही गमावलेलं नसतं.

"लिफ्ट वर थांबते," शेवटी तो म्हणाला. "दोन बोटं. ब्रेकचं अस्तर झिजलं. चार महिने."

"मग सांगितलं नाहीस?"

"कोणाला?"

तिने वेगळं विचारलं, तिच्या शिक्षणाने शिकवलं होतं तसं, सरळ आणि साध्या शब्दांत. "मरून जावं असं मनात येतं का?"

"नाही. उठावं असं येत नाही." त्याने थोडा विचार केला. "आवाज येतो लिफ्टचा. कळतो. पण आत काही होत नाही."

"आणि रविवारी? रविवारी उठतोस ना. सातला फोनपाशी बसतोस. मग मला लावत का नाहीस?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे, पण तिच्याकडे.

"तू करणार होतीस."

"मी?"

"तू म्हणालीस, काका, आज नको, मी करते तुला फोन. मी विचारलं, केव्हा. तू म्हणालीस, करते ना. मग मी लावला असता आणि त्याच वेळी तू लावला असतास, तर तुला लाइन मिळाली नसती. सतरा रविवार झाले."

धाकटीला तो रविवार आठवला. वॉर्डात दिवसभर धावपळ झाली होती, डोकं ठणकत होतं, आणि काका एका वाचनालयाच्या जुन्या, जाळीच्या दाराच्या लिफ्टबद्दल सांगत होता. तिने त्याला मधेच तोडलं होतं. तोडताना आवाज गोड ठेवला होता, याचं तिला तेव्हा समाधानही वाटलं होतं. वार नाही, वेळ नाही. तिचं ते ठेवणीतलं भाषण! तिने तोंडावर हात ठेवला, आणि मग ती रडली, आणि काका शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने टेबलावरचं, पाने पुसायचं फडकं तिच्यापुढे केलं. त्याला ग्रीसचा वास होता.

एका फोनने माणूस आजारी पडत नाही, हे डॉक्टर म्हणून तिला माहीत होतं. बहीण जाणार होती, काम सुटलं होतं, घर मोडणार होतं. ते सगळं त्याच्यावर साठत गेलं होतं आणि कोणी विचारलं नव्हतं. पण जे एक दार त्याने स्वतः उघडं ठेवलं होतं, ते तिने लोटून घेतलं होतं.

बाहेर येऊन तिने सांगितलं, की ती सही करणार नाही. काका आजारी आहे. हे त्याचं बरं म्हणणं संमती नाही, ते आजाराचं लक्षण आहे. मंगळवारी साडेदहाला ती त्याला आपल्या बरोबरीच्या डॉक्टरणीकडे नेणार आहे, आणि निदान तीन महिने त्याला या घरातून हलवायचं नाही. बरा झाल्यावर तो निवासाला हो म्हणाला, तर ती स्वतः त्याची पिशवी भरून देईल.

दादा भडकला. भडकणारच. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, की उंटावरून शहाणपण शिकवणं सोपं असतं. चार महिने धाकटी कुठे होती? तीस वर्षं त्याच्या आईने केलं, आता तिने आपल्या नातीला कधी बघायचं? आणि गुरुवारचं विमान काय धाकटी धरून ठेवणार आहे? आत्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, मग मी जात नाही. ती इतक्या लगेच म्हणाली, की जाण्याची तिची हौस आणि न जाण्याची तिची सवय यांतलं कोण जिंकणार हे सगळ्यांनाच कळलं. दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघून धाकटीला वाईट वाटलं. त्यालाही त्याची आई हवी होती, आणि ते तो वीस वर्षं तिकिटांच्या भाषेत सांगत आला होता.

तेव्हा इतका वेळ गुडघा धरून मूग गिळून बसलेली धाकटीची आई बोलली.

"वन्सं, तुम्ही जा. मी इथे येऊन राहते."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. सहा वर्षांपूर्वी धाकटीचे वडील गेले, त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काका आईजवळ आला होता आणि म्हणाला होता, इथली लिफ्ट एका मजल्याला चाळीस सेकंद घेते. आईने त्याला तिथून निघून जायला सांगितलं होतं, आणि ते तिने कधी मागे घेतलं नव्हतं.

"स्ट्रेचर वर न्यायला उशीर झाला, असं म्हणायचं होतं त्यांना," आई म्हणाली. "मागाहून कळलं मला. महिनाभर रोज जाऊन बसले तिथे, लिफ्ट दुरुस्त करून घेईपर्यंत. मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही." मग ती खोलीच्या दारात उभ्या असलेल्या काकाकडे वळली. "भावोजी, मी तीन महिने इथे राहणार आहे. बुधवारी सकाळी दहाला येईन. तुमची खोली तुमचीच. चहात साखर घालणार नाही."

काका म्हणाला, "बरं." ते कोणतं बरं होतं, हे धाकटीला ओळखता आलं नाही.

निघताना तो तिला लिफ्टपर्यंत सोडायला आला. तुटक्या चपलेने ती काळजीपूर्वक आत चढली. तिने त्याला सांगितलं, की उद्या रविवार आहे, संध्याकाळी सात वाजता ती फोन करेल. त्याने विचारलं, "उद्याचा?" ती म्हणाली, उद्याचा. तिने चिठ्ठीवर लिहून दिलं आणि त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं, वर बघितलं नाही, हसला नाही, लिफ्टच्या तळाकडेही बघितलं नाही.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना धाकटी तिथे गेली. रखवालदाराला तिने काय सांगितलं ते त्याला नीट समजलं नाही, पण त्याने टॉर्च दिला. ती तास-दीड तास त्या पाच मजली लिफ्टमधून वरखाली करत होती, हातात शाळकरी पट्टी आणि वही. अठरा वर्षं ती रोज या लिफ्टने जात होती आणि तिसऱ्या मजल्यावर ती थांबताना एक बारीक हुंकार देते, हे तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं.

सात वाजता तिने ओट्यावरची भांडी तशीच ठेवली, खुर्ची ओढली आणि नंबर लावला. पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत पलीकडे फोन उचलला गेला. श्वास तेवढा ऐकू येत होता.

"सात वाजले," ती म्हणाली. "आजची लिफ्ट."

तिने वहीतून वाचायला सुरुवात केली. दवाखान्याची इमारत, पाच मजले, सहा माणसं. पहिल्या मजल्यावर बरोबर. दुसऱ्यावर अर्धं बोट खाली. तिसऱ्यावर बरोबर, पण हुंकार. चौथ्यावर वर जाताना एक बोट वर, खाली येताना बरोबर. पाचव्यावर दार उघडताना घासतं. तिचं वाचणं चार मिनिटांत संपलं. वीस मिनिटं भरतील इतकं कसं बोलतात ते तिला येत नव्हतं. वही मिटून ती गप्प बसली. पलीकडेही काही नव्हतं. नसेलच काही, औषध नाही, उपचार नाही, मंगळवार अजून यायचा आहे. विझलेलं माणूस एका वहीने पेटत नाही. ती हे सगळं जाणून होती आणि तरी कान फोनला असा लावून बसली होती, की दुखायला लागला.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात सात चौदा झाले, सात एकोणीस झाले.

"दार लागायला किती सेकंद," काका म्हणाला. आवाज घोगरा होता. "ते सांगितलं नाहीस."

"मोजलं नाही, काका."

तिने वही उघडून पाचव्या मजल्याखाली 'दार, सेकंद' असं लिहिलं.

"मोजायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

ती हो म्हणाली. मग दोघंही फोन धरून बसून राहिले. संपलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनेही म्हटलं नाही.